नवरदेवाच्या गोंड्याचं अत्तर

झहरानचं नाक जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते, आणि ओमानमधल्या निझवाच्या अख्ख्या बाजारात ही गोष्ट फक्त झहरानलाच ठाऊक होती.

रमजान संपता संपता ताप आला. पाच दिवसांनी उतरला. सहाव्या सकाळी त्यानं कॉफीचा पेला तोंडाला लावला तर नुसतं गरम पाणी. वेलदोडा नाही की केशर नाही. आधी तो मुलीवर, रय्यावर, ओरडला, की साधी कॉफी धड करता येत नाही. मग ती शाळेत शिकवायला गेल्यावर त्यानं एक कांदा फोडला आणि नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण वासाचा पत्ता नव्हता. झहरान स्वयंपाकघरातल्या जमिनीवर मटकन बसला. अत्तरवाल्याचं नाक जाणं म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाटल्या आणायच्या निमित्तानं तो मस्कतला गेला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, येईल परत. महिन्यानं येईल, वर्षानं येईल, कदाचित नाहीही येणार. हे असं सांगायला पैसे घेतात आणि वर पाणी भरपूर प्या म्हणतात.

आता या घराण्याची मिजास कशी होती तेही सांगायला हवं. तीन पिढ्यांचं दुकान, दोनशेवर बाटल्या, आणि एकाही बाटलीवर चिठ्ठी नाही. आजोबा म्हणायचे, चिठ्ठ्याच लावायच्या तर किराण्याचं दुकान काढा. झहराननंही तोच तोरा चाळीस वर्षं मिरवला. गिऱ्हाईक आलं की बूच उघडायचं, एकदा हुंगायचं, आणि बाटली पुढे करायची. आता तो बूच उघडत होता, हुंगल्याचं नाटक करत होता आणि देवाचं नाव घेऊन जागेवरून अंदाज बांधत होता. ऊद, म्हणजे अगरूचं तेल, डावीकडे वर, चंदन त्याच्या खाली, अंबर मधल्या फळीवर. पण तापाच्या दिवसांत त्याचा मुलगा जाबिर सोहारहून येऊन चार दिवस दुकानात बसला होता, आणि जाबिरनं फळ्यांचं काय केलं होतं ते एक देव जाणे. गुलाब आणि साबण यांतला फरक ज्याला आयुष्यात कळला नाही तो हा मुलगा.

पहिला दणका काझी खमीस यांनी दिला. दुकानात शिरले तेच मुळी हात कमरेवर ठेवून. सगळ्यांसारखे तेही त्याला मुलाच्या नावानं हाक मारत, अबू जाबिर, म्हणजे जाबिरचा बाप.

"अबू जाबिर, काय दिलंस मला?"

"ऊद दिलं, काझीसाहेब. नेहमीचं."

"नेहमीचं! अरे, कोर्टात बसलो होतो. दोन भाऊ खजुराच्या बागेवरून भांडताहेत, आणि त्यातला धाकटा मला विचारतो, साहेब, तुमच्याकडे आज हलवा आहे का? कारकून तोंडात रुमाल कोंबून हसतोय. निकाल काय देऊ मी, हलवायासारखा वास मारत?"

काझींनी बाटली पुढे केली. झहराननं हुंगली. काहीच नाही. त्यानं काझींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कारण गेले काही दिवस तो वास असेच घेत होता, दुसऱ्यांच्या तोंडावरून.

"हे अंबर आहे," तो छातीठोकपणे म्हणाला, "गोड अंबर. जाबिरनं फळ्या उलटसुलट केल्या, माफ करा."

"तू हुंगल्याशिवाय दिलंस?"

"घाई होती."

"चाळीस वर्षांत तुला घाई झालेली मी पाहिली नाही," काझी म्हणाले आणि क्षणभर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्या नजरेनं झहरानला घाम फुटला. दुसरी बाटली फुकट दिली तरी तो घाम आटेना.

त्याच संध्याकाळी त्यानं रय्याला हाक मारली.

रय्या एकोणतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. लहानपणी दुकानातून हलायची नाही. बाराव्या वर्षी तिनं दोन उदांमधला फरक सांगितला होता आणि झहराननं तिला घरी पाठवलं होतं, की पोरीचं नाक असलं तरी दुकान पोरीचं नाही. मग जाबिरला शिकवायला घेतलं आणि सहा वर्षं वाया घालवली. रय्यानं त्यानंतर कधी विचारलं नाही. ती विचारत नाही म्हणून झहरानला वाटे की विसरली असेल. बापांना असं वाटून घ्यायला फार आवडतं.

"रोज शाळेनंतर दुकानात ये," तो म्हणाला. "शिकवतो तुला."

रय्याच्या हातातली भांडी हातातच राहिली. "मला?"

"मग काय भिंतीला सांगतोय?"

ती हसली नाही, रडलीही नाही, भांडी घासत राहिली. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधीच दारात उभी होती, नवी वही घेऊन. ती वही बघून झहरानला आपलीच लाज वाटली.

"वासांचीही घराणी असतात," त्यानं सुरुवात केली. "माणूस कुठल्या घरातला हे कळलं की निम्मा कळतो. तसंच हे. पुरुषांच्या अत्तरात पहिला मान लाकडाच्या घराण्याला. ऊद, चंदन, देवदार. मोजकं बोलणारी माणसं, शेवटपर्यंत बसणारी. मग राळेचं घर, म्हणजे लोबान, हिराबोळ, अंबर. हे उबदार आणि गोडसर. काझींच्या गळ्यात पडलं ते हेच."

"बिचारे काझी."

"लिहून घे. लिंबाचं आणि संत्र्याच्या सालीचं घर म्हणजे आल्या आल्या सगळ्यांना हसवणार आणि दुपारच्या नमाजाआधी पळून जाणार."

"जाबिर," रय्या म्हणाली.

झहरानला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "नेच्याचं, म्हणजे फर्नचं, घर फिरंग्यांचं. लॅव्हेंडर आणि ओलं शेवाळ. न्हावी दाढी करून गालाला चोपडतो ना, त्यातलं. ऑफिसात जाणाऱ्या पोरांना तेच लागतं. आणि चामड्याचं घर म्हणजे धूर, तंबाखू, खोगीर. शिकारी माणसाला शोभतं. लग्नात मात्र त्याचं काही काम नाही."

"आणि गुलाब? मॉलमधली पोरगी सांगते, गुलाब बायकांचा."

"मॉलमधल्या पोरीला जबल अख्दरला, आपल्या गुलाबांच्या डोंगरावर, पाठव. माझा आजा गुलाब लावून उंटावर बसायचा, त्याला कुणी बाई म्हटलं नाही. गुलाब कुठल्याही घराण्यात देता येतो. मात्र सासर बघून द्यावा."

मग तो बाटल्या काढायचा, बूच उघडून तिच्यापुढे धरायचा. ओळख. रय्या डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची, लाकूड, देवदार असावा. झहरान म्हणायचा, शाबास. तेवढ्यात मनाशी नोंद करायचा की डावीकडून चौथी देवदार. ती म्हणायची, हा लोबान, पण दक्षिणेकडचा, चांगल्यापैकी. झहरान म्हणायचा, शाबास. तीन आठवड्यांत त्यानं मुलीच्या नाकानं अख्खं दुकान पुन्हा लावून घेतलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, रय्या, तूच काढून दे बरं, बघू जमतं का. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. शेजारचा खंजीरवाला म्हणाला, म्हातारा आता पोरीला गादीवर बसवतोय. कुणाला शंका आली नाही.

रय्याच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं होतं. घरी येताना ती बोलत सुटायची. आज त्या जुन्या उदाखाली तिला जर्दाळूचा वास लागला, बाबांनाही लागतो का? झहरान म्हणायचा, हो तर. चाळीस वर्षांत उदाखाली जर्दाळू त्याला एकदाही लागला नव्हता. पोरीचं नाक आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याला नाक गेल्यावर कळलं, आणि ते तिला सांगायचं तर नाक गेल्याचंही सांगावं लागलं असतं. त्यानं गिळून टाकलं. रात्री पडल्या पडल्या छातीत धडधडायचं. कुणीतरी ओळखणार, आज नाही तर उद्या.

अशात शेख हमूदांचा निरोप आला. नातू मुंधिर याचं लग्न.

हमूदांच्या घरची रीत अशी होती की नवरदेवाच्या दिशदाशाच्या, म्हणजे लांब पांढऱ्या झग्याच्या, गळ्याशी जो गोंडा लोंबतो, तो निकाहाआधी अत्तरवाल्यानं स्वतःच्या हातानं भिजवायचा. सगळ्या पुरुषांसमोर, बैठकीत. मग घरातल्या सर्वांत मोठ्यानं तो नाकाशी धरायचा आणि बरंवाईट मोठ्यानं सांगायचं. झहरानच्या बापानं हमूदांचा गोंडा भिजवला होता, झहराननं त्यांच्या मुलांचे. आणि शेख हमूद म्हणजे ब्याऐंशी वर्षांचे असले तरी शेजाऱ्याच्या घरी आज काय शिजलंय ते अंगणातून सांगणारे.

झहराननं बेत मनात पक्का केला. वर ऊद, मध्ये डोंगरातला गुलाब, खाली भरपूर चंदन. तीनही त्याला तोंडपाठ होती. रय्या एकेक बाटली हुंगत होती, तो मापानं घेत होता. ऊद, शाबास. गुलाब, शाबास. मग त्याच्या हाताला ती जुनी बाटली लागली, मानेवर टवका उडालेली. बापाच्या वेळेपासूनची चंदनाची बाटली. अंगठ्यानं तो टवका चाचपला आणि त्याला इतकं बरं वाटलं की विचारू नका. या एका बाटलीसाठी कुणाच्या नाकाची गरज नव्हती, म्हणून ती त्यानं आजवर रय्यापुढे धरलीही नव्हती.

रय्यानं हुंगलं. कपाळाला आठी पडली. "चामडं," ती म्हणाली. "धूर आहे यात."

"चूक," झहरान म्हणाला.

"बाबा, मला वाटतं..."

"पुन्हा बघ. चंदन आहे."

खरं सांगायचं तर चूक म्हणायला त्याला आवडलं. इतक्या दिवसांच्या खोट्या शाबासक्यांनंतर एक गोष्ट तो खात्रीनं सांगत होता. रय्यानं पुन्हा हुंगलं. ती बराच वेळ हुंगत राहिली. बापाच्या नाकावर तिचा विश्वास होता, स्वतःच्या नाकावर तेवढा नव्हता. निझवात कुठल्याही पोरीनं हेच केलं असतं.

"हो," ती शेवटी म्हणाली. "चंदनच असेल. माझंच चुकलं." आणि वहीत काहीतरी खोडलं.

मिश्रण झाल्यावर तिनं एकदा विचारलं, हे जरा उग्र नाही का वाटत? झहरान म्हणाला, चंदन कापडावर उतरलं की मवाळ होतं. तिनं वही मिटली.

लग्नाच्या दिवशी तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर हमूदांच्या बैठकीत साठ-सत्तर पुरुष भिंतींना टेकून बसले होते. हलवा फिरून झाला होता, कॉफीचे पेले फिरत होते. बायकांची बैठक अंगणापलीकडे, तिथून टाळ्या ऐकू येत होत्या. रय्याही तिथेच होती. मुंधिर मधोमध, कमरेला खंजीर, पोरगा घाबरलेला. झहरान त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेला, पण नवरदेवाला घाबरायची मुभा असते, अत्तरवाल्याला नसते.

झहराननं पेटी उघडली, बाटली काढली, गोंडा बोटांत धरून भिजवला. शेख हमूद काठी टेकत उठले, नातवाच्या गळ्याशी वाकले आणि गोंडा नाकाशी धरला.

झहरान त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. एवढ्या दिवसांत त्यानं इतके चेहरे वाचले होते, पण हा वाचता येईना. शेखांनी डोळे मिटले, उघडले. पुन्हा हुंगलं.

"अबू जाबिर," शेख म्हणाले, "माझ्या नातवाचं लग्न आहे की त्याच्यावर खोगीर चढवायचं आहे?"

कुणीतरी फसकन हसलं. पाठोपाठ दोघं-चौघं हसले. मुंधिरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोगीर. चामडं. टवक्याची बाटली. जाबिरनं ती रिकामी बघून तिच्यात भलतंच भरलं असणार. पोरगी बरोबर होती.

"चंदन कुठे आहे? चामडं ओतलंयस सगळं. तुझ्या बापानं कबरीत कूस बदलली असेल."

कोपऱ्यातून काझी खमीस हलक्या आवाजात म्हणाले, "शेख, हा याचा हात नव्हे. हल्ली दुकान पोरगी बघते."

"असं होय," शेखांचा आवाज एकदम मवाळ झाला. "मग बरोबर. मी म्हणत होतो, झहरानच्या हातून हे कसं होईल. अरे, पोरीला शिकवायचं तर शिकव, पण नवरदेवावर नको रे शिकवूस."

"बायकांना नाक असतं ते भाजी करपली की कळायला," कुणीतरी म्हणालं, आणि आता सगळी बैठक मोकळी हसली. प्रसंग निभावला होता. शेख हमूद हसत होते, काझी मान हलवत होते, कॉफीवाला पेला घेऊन पुढे आला. झहराननं फक्त गप्प राहायचं होतं. फार तर मान डोलवायची. पोरीची चूक, पोरीला माफ, झहरानचं नाक सलामत. उद्यापासून तिला घरी बसवलं की विषय संपला.

आणि गप्प राहावं असं त्याला वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगला दोन-तीन घोट कॉफी पिण्याइतका वेळ वाटलं. कॉफीला चव नव्हती.

"पोरीनं चामडंच म्हटलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिनं हुंगलं आणि चामडं म्हणाली. मी म्हणालो, चूक, चंदन आहे. दोनदा म्हणालो."

"मग तुला कळलं नाही?" शेखांना खरंच समजत नव्हतं. "तुला?"

"मला काही कळत नाही, शेख. ईदच्या आधी ताप आला त्यात माझं नाक गेलं. कांद्याचासुद्धा वास येत नाही. हा महिनाभर तुम्ही सगळ्यांनी माझ्या दुकानातून जे नेलंत ते तिच्या नाकानं नेलंत. एकच बाटली मी माझ्या डोक्यानं उघडली, आणि ती ही."

कुणी हसलं नाही. काझी खमीस आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते. झहरानला वाटलं, संपलं. आजोबा, बाप, दुकान, सगळं या गालिच्यावर संपलं. आणि नवल म्हणजे छातीतली ती धडधडही थांबली होती.

शेख हमूद काठी टेकत आपल्या जागी बसले. "निकाहाला तास आहे. बोलव तिला."

रय्या दाराशी आली, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. बैठकीतली गोष्ट अंगण ओलांडून बायकांत जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती तिच्या कानावर गेली होती. तिचे डोळे लाल होते. झहरान पेटी घेऊन तिच्यापाशी गेला. पाठीमागे सत्तर माणसं बसली होती, म्हणून दोघं हळू बोलत होते.

"सगळ्या शाबासक्या?" ती म्हणाली.

"हो."

"एकही खरी नव्हती?"

"मला कळतच नव्हतं, तर खरी कुठून असणार."

रय्यानं ओठ दाबून धरले. "मला नुसतं सांगितलं असतंत तरी मी वास घेऊन दिला असता, बाबा. जन्मभर दिला असता. त्यासाठी मला खूश करायची गरज नव्हती."

झहरान खाली बसला आणि पेटी उघडून तिच्यापुढे सरकवली. आत सात बाटल्या होत्या, एकीवरही चिठ्ठी नव्हती. मुंधिरचा गोंडा कुणीतरी सोडवून गुलाबपाण्यात धुऊन पिळून आणला होता.

रय्यानं ओढणीनं डोळे पुसले. नाक शिंकरलं. पहिली बाटली उघडून बाजूला ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी धरून ती थांबली, डोळे मिटले, आणि उघडल्यावर महिन्याभराच्या सवयीनं बापाकडे बघितलं.

"चंदन," ती म्हणाली. "बरोबर?"

सगळी बैठक ऐकत होती.

"मला माहीत नाही, पोरी," झहरान म्हणाला.

तिनं बाटली पुन्हा नाकाशी नेली. या वेळी तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग गोंडा हातात घेतला आणि भिजवला.